वीस हजारांच्या आत एका हातात मावणारा फोन का मिळत नाही?

निळी_छत्री

बजेट वीस हजार, ताणून बावीस. कॅमेरा ठीकठाक चालेल, गेम मी खेळत नाही. अट एकच, फोन एका हातात मावला पाहिजे आणि त्याच हाताच्या अंगठ्याने वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. एवढी साधी अट घेऊन सगळ्या शॉपिंग साईट्स पालथ्या घातल्या, दुकानंही फिरून झाली, पण या किमतीत जे दिसतंय ते जवळपास सगळं ६.६ ते ६.९ इंच. ६.३ च्या आसपासचं काही हवं असेल तर पन्नास हजारांच्या घरात जावं लागतं.

मला नुसती मॉडेलची नावं नकोत, हे असं का झालं ते समजून घ्यायचंय. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंचाचा होता आणि तेव्हा तो भलामोठा वाटायचा. २०११ ला सॅमसंगने ५.३ इंचाचा नोट आणला तेव्हा लोक हसले होते. त्याच्या आदल्याच वर्षी स्टीव्ह जॉब्सनी असल्या मोठ्या फोनना नावं ठेवली होती, की हातात मावत नाहीत, घेणार कोण. आणि २०१४ ला त्याच अ‍ॅपलने ४.७ आणि ५.५ इंचाचे दोन आयफोन काढले आणि पहिल्या शनिवार-रविवारातच एक कोटीच्या वर खपले. म्हणजे लोकांना मोठे हवे होते, मान्य. पण मोठे हवे असणारे वाढले म्हणून छोटे हवे असणारे संपले का?

मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन, खांद्याला पर्स, आणि तशातच ऑफिसचा मेसेज बघायचा असतो. कुर्त्याला खिसा नसतो, असला तरी त्यात अर्धा फोन बाहेर राहतो. माझ्या डब्यात बहुतेकींची हीच तऱ्हा आहे. आम्हाला विचारून कुणी फोन बनवतं का हा माझा खरा प्रश्न आहे.

टेक_मावळा

छान विषय. आधी एक गोष्ट साफ करतो कारण इथे सगळे इंचात बोलणार आणि गोंधळ होणार. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. हातात मावतो की नाही हे कर्णावर ठरत नाही, रुंदीवर ठरतं, आणि अंगठा पोचतो की नाही हे उंचीवर.

२०१६-१७ पर्यंतचे फोन १६:९ चे होते (स्क्रीनची उंची १६ तर रुंदी ९ असं प्रमाण), म्हणजे बुटके आणि रुंद. २०१७ ला एलजी जी६ आणि गॅलेक्सी एस८ आले आणि तिथून स्क्रीन लांबट व्हायला लागली, आता बहुतेक १९.५:९ किंवा २०:९ असते. गणित करून बघा. जुना ५.५ इंची १६:९ स्क्रीन रुंदीला साधारण ६८.५ मिमी आणि उंचीला १२२ मिमी. आताचा ६.७ इंची २०:९ स्क्रीन रुंदीला ७० मिमीला किंचित कमी आणि उंचीला १५५ मिमी. म्हणजे इंच सव्वा वाढले पण रुंदी दीड मिमीसुद्धा वाढली नाही, उंची मात्र ३३ मिमी वाढली!! शिवाय जुन्या फोनला बाजूच्या पट्ट्या जाड असायच्या, रेडमी नोट ४ हा ५.५ इंची फोन पूर्ण बॉडी धरून ७६ मिमी रुंद होता. आजचे कितीतरी ६.७ वाले तेवढेच रुंद आहेत.

म्हणून ताई, मुठीत धरायला त्रास होतो का वर पोचायला, हे आधी ठरवा. दोन्हीची औषधं वेगळी आहेत.

निळी_छत्री

पोचायला जास्त. आणि वजन. धरता येतो पण दहा मिनिटांनी मनगट भरून येतं. तुमचं गणित वाचून आता कळलं की जुना फोन रुंद असूनही का सोपा वाटायचा.

मोबाईलवाला_सांगली

माझं दुकान आहे, विक्री पण आणि रिपेरिंग पण, त्यामुळे काउंटरच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो. वीस हजाराच्या आतलं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न बॅटरी किती, दुसरा कॅमेरा किती, आणि मग पीस हातात घेऊन वळवून बघणार आणि बायकोला किंवा पोराला विचारणार की मोठा आहे ना. तेवढ्याच पैशात दोन पीस शेजारी ठेवले तर दहातले आठ-नऊ जण मोठा उचलतात. याला वेडेपणा म्हणू नका. माझ्या गिऱ्हाइकाच्या घरात लॅपटॉप नाही, टॅब नाही, कित्येकांनी टीव्हीचा रिचार्ज पण बंद केलाय. दिवसा फोन त्याचा, संध्याकाळी पोरांचा अभ्यास त्यावर, रात्री आईची सिरीयल त्यावर. घरातला एकमेव पडदा आहे तो, मग तो मोठाच घेणार की.

हे सगळं सुरू झालं २०१६ च्या सप्टेंबरपासून, जिओ आलं तेव्हापासून. त्याआधी नेट जपून वापरायचे, व्हॉट्सॅपपुरतं. नेट स्वस्त झालं आणि लोक व्हिडिओ बघायला लागले. मग २०२० ला लॉकडाऊन आणि ऑनलाइन शाळा. त्या जूनमध्ये पालक उसने पैसे घेऊन फोन न्यायला आलेले मी बघितलेत, आणि सगळ्यांची मागणी एकच, स्क्रीन मोठी द्या, फळ्यावरचं दिसलं पाहिजे. त्यानंतर छोटा पीस मी मागवला तरी डिस्ट्रिब्युटरकडेच नसतो.

ताई, छोटा मागणारे येतात हो. बहुतेक बायका, आणि साठीच्या पुढची मंडळी. त्यांना दाखवायला माझ्याकडे काही नसतं, मग निम्मे कीपॅडचा घेऊन जातात आणि निम्मे नाइलाजाने मोठा.

स्पष्टवक्ता

मार्केट ठरवतं, एवढं सोपंय. अ‍ॅपलने आयफोन १२ मिनी आणि १३ मिनी काढला, दोन वर्षं वाट बघितली आणि २०२२ ला नवा मिनी न काढता त्या जागी ६.७ चा प्लस आणला. आसुसने झेनफोन ५.९ इंचात तीनदा काढला, २०२४ चा झेनफोन ११ अल्ट्रा थेट ६.७८. सोनीचे कॉम्पॅक्ट गेले. छोटा फोन हवाय असं ऑनलाइन लिहिणारे खूप, पैसे टाकून घेणारे थोडे. कंपनी काय समाजसेवा करायला बसलीये का.

निळी_छत्री

तुम्ही जी नावं घेतलीत ती सगळी महागड्या फोनची आहेत. १३ मिनी भारतात आला तेव्हा ६९,९०० ला होता. सत्तर हजार देणाऱ्याला आणखी दहा हजारात मोठी स्क्रीन आणि जास्त बॅटरी दिसत असेल तर तो तिकडे जाणारच. त्यावरून वीस हजारवाल्यांना छोटा नकोय हे कसं सिद्ध झालं? या किमतीत अलीकडे कुणी विकून बघितलाय का? विकलाच नाही तर खपला नाही असं कसं म्हणायचं?

आणि मोठा फोन परवडत नाही म्हणून छोटा मागणारे आम्ही नाही आहोत. त्याच पैशात, त्याच दर्जाचा, पण छोटा हवाय.

जुना_सभासद

+१. २०१४ चा मोटो जी आठवतोय का कुणाला, फ्लिपकार्टवर १२,४९९ ला, साडेचार इंच. पहिल्याच दिवशी स्टॉक उडाला होता. तो हातात बसायचा म्हणजे काय बसायचा, पाठ गोलसर होती त्याची.

स्पष्टवक्ता

तेव्हा साडेचार इंच हे नॉर्मलच होतं जुने सभासद, लोकांनी तो छोटा म्हणून घेतला नव्हता, स्वस्तात चांगला म्हणून घेतला. पण ताईंचा एक मुद्दा मान्य, स्वस्तातला छोटा फोन अलीकडे कुणी काढून बघितलेला नाही.

दूरदेशी

मी १३ मिनी वापरतो, जर्मनीत असतो. ५.४ इंच, रुंदी ६४ मिमी, वजन १४० ग्रॅमच्या आसपास. ज्याने हा वापरलाय त्याला दुसरं काही हातात घेतलं की वीट उचलल्यासारखं होतं. पण मिनी का गेला याचं एक खरं कारण वापरणारा म्हणून सांगतो, बॅटरी. २४०० एमएएचच्या आसपासची बॅटरी (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), नवा होता तेव्हा दिवस निघायचा, आता दुपारी तीनला चार्जर शोधावा लागतो. फोनमध्ये बोर्ड (आतलं सर्किट) आणि कॅमेरा तर लहान करता येत नाहीत, मग कात्री बसते ती बॅटरीला. मोठा फोन म्हणजे निम्मी गोष्ट मोठ्या बॅटरीचीच आहे.

तरी दुसरी बाजू पण आहेच. २०१६ ला अ‍ॅपलने चार इंची आयफोन एसई काढला तेव्हा त्यांनीच स्टेजवरून सांगितलं होतं की आदल्या वर्षात चार इंची आयफोन तीन कोटी खपले. तीन कोटी म्हणजे थोडेथोडके नव्हेत. मग २०२५ च्या फेब्रुवारीत एसईची जागा घेतली १६ई ने, ६.१ इंच. ते तीन कोटी लोक हात लांब करून आले का कुठून?

टेक_मावळा

दूरदेशींचा बॅटरीचा मुद्दा बरोबर होता, म्हणजे २०२३ पर्यंत बरोबर होता. आता सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या आल्यात. बॅटरीच्या ऋण टोकाला पूर्वी नुसतं ग्रॅफाइट असायचं, त्यात आता सिलिकॉन मिसळतात. सिलिकॉन तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त लिथियम धरून ठेवतं, त्यामुळे त्याच आकाराच्या बॅटरीत जास्त चार्ज मावतो. २०२५ ला भारतात आलेला वनप्लस १३एस बघा, ६.३२ इंच, बॅटरी ५८५० एमएएच, वजन १८५ ग्रॅम. विवो एक्स२०० एफई, ६.३१ इंच आणि ६५०० एमएएच. पूर्वी एवढी बॅटरी ६.७ वाल्यातही मोजक्याच फोनमध्ये मिळायची. म्हणजे छोट्यात बॅटरी मावत नाही हे कारण आता उरलेलं नाही.

मग स्वस्तात का येत नाही? मला वाटतं कारण पॅनलचं आहे, म्हणजे स्क्रीनचा जो तयार भाग कंपन्या विकत घेतात त्याचं. स्वस्त फोनमध्ये नफा अगदी बारीक असतो, आणि ६.७ च्या आसपासचे पॅनल प्रचंड संख्येने बनतात, पाच ब्रँड तेच घेतात, म्हणून ते स्वस्त पडतात. ६.१ चं पॅनल आकाराने लहान असलं तरी कमी संख्येने बनवून घ्यायचं म्हटलं की महाग पडतं. वर आतला बोर्ड लहान करायचा तर डिझाइनचा खर्च, आणि छोट्या बॉडीत उष्णता बाहेर काढायची अडचण. मोठ्या बॉडीत स्वस्त बोर्ड ऐसपैस टाकता येतो. म्हणून छोटं असणं हेच महागातलं फीचर होऊन बसलंय.

मोबाईलवाला_सांगली

पॅनलचं एकदम बरोबर. रिपेरिंगला पण हेच. चालू मापाच्या फोनचा फोल्डर (काच आणि डिस्प्ले एकत्र जोडलेला भाग) मला सांगलीत संध्याकाळपर्यंत मिळतो, तीन क्वालिटीत मिळतो. वेगळ्या मापाचा असला की मुंबईवरून मागवा, आठवडा थांबा, आणि दर पण जास्त. कव्हर आणि टफन ग्लासचंही तसंच. आणि हो, कव्हर धरून रुंदी मोजा बरं का सगळ्यांनी, चांगलं जाड कव्हर दोन्हीकडून मिळून तीन-चार मिमी वाढवतं. फोन ७२ चा घेतला म्हणून खूश व्हाल आणि हातात ७६ चा धराल.

निवृत्त_मास्तर

नमस्कार. माझे मत थोडे निराळे आहे. वय ७२, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. मुलाने ६.८ इंचाचा फोन आणून दिला तेव्हापासून वर्तमानपत्र, बँकेचे मेसेज, नातवाचे फोटो, सर्व मी स्वतः बघतो, कुणाला विचारावे लागत नाही. पूर्वीच्या लहान फोनवर ओटीपी वाचण्यासाठी सुद्धा शेजाऱ्यांकडे जावे लागत असे, आणि ओटीपी दुसऱ्याला दाखवणे योग्य नव्हे हे आपण जाणताच. मोठ्या पडद्याने मला माझा व्यवहार परत दिला. त्यामुळे मोठे फोन नकोत असा सूर निघत असेल तर मला त्याला विरोध नोंदवावासा वाटतो.

एक अडचण मात्र आहे. वर्तमानपत्राची ई-आवृत्ती आणि सातबाराचा उतारा मोठ्या फोनवरही वाचता येत नाही. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. उपाय असल्यास सांगावा.

निळी_छत्री

काका, मोठे नकोत असं अजिबात नाही हो. तुमच्यासाठी मोठाच हवा. दोन्ही मिळावेत एवढंच म्हणणं आहे.

टेक_मावळा

मास्तर, उपाय सोपा आहे, फोन आडवा करा. सातबाराची पीडीएफ ए४ मापाची असते, रुंदी २१० मिमी. तुमच्या फोनची रुंदी उभा धरला तर ७० मिमीच्या आसपास, म्हणजे कागद तिसरा हिस्सा होतो, १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं, ते कुणालाच दिसणार नाही. आडवा केला की रुंदी १५५ मिमी मिळते, तेच अक्षर ९ पॉइंटच्या जवळ जातं. वरून पडदा खाली ओढून ऑटो रोटेट चालू करा. आणि सेटिंगमध्ये डिस्प्लेमध्ये फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात, दोन्ही एकेक पायरी वाढवा. एकच शेवटपर्यंत वाढवलीत तर बँकेच्या अ‍ॅपची बटणं स्क्रीनच्या बाहेर जातात.

अवांतर: याच हिशोबाने व्हिडिओचं पण बघा. बहुतेक व्हिडिओ अजून १६:९ चे असतात. ६.७ इंची २०:९ वर आडवा व्हिडिओ लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि प्रत्यक्ष चित्र साधारण ७० बाय १२४ मिमी. जुन्या ५.५ इंचीवर ते साडेअडुसष्ट बाय १२२ होतं. म्हणजे व्हिडिओसाठी मोठा फोन घेणाऱ्यांना व्हिडिओ जुन्याएवढाच मिळतोय! वाढलेली जागा उपयोगी पडते ती चॅटला, वाचनाला, टायपिंगला.

निवृत्त_मास्तर

आडवा करून पाहिला. उतारा वाचता आला. मनापासून आभार. गटक्रमांकासमोरचे क्षेत्र सुद्धा स्पष्ट दिसले.

रेवा_टंकते

टायपिंगचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी भाषांतराची कामं करते आणि निम्मं काम फोनवर होतं. छोट्या फोनची मी पण चाहती होते पण मराठी टाईप करणाऱ्यांसाठी तो खरंच अवघड आहे, हे इंग्रजीवाल्या रिव्ह्यूत कुठेच येत नाही. इंग्रजीला २६ अक्षरं, एका ओळीत जास्तीत जास्त दहा. आपल्याला स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, अनुस्वार, रफार, हलन्त सगळं हवं. इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची सरकारी प्रमाण मांडणी) कीबोर्डवर एका ओळीत दहाच्या वर कळा येतात, ६५ मिमीच्या स्क्रीनवर एकेक कळ सहा मिमीच्या आत जाते. ट च्या जागी ठ, र्‍हस्व च्या जागी दीर्घ. ऱ्या आणि र्य चा गोंधळ तर विचारूच नका. म्हणून आपल्याकडचे अर्धे लोक रोमनमध्ये मराठी लिहितात आणि उरलेले बोलून टाईप करतात. ज्यांना देवनागरीत नीट लिहायचंय त्यांना रुंदी हवीच.

उंच स्क्रीनचा फायदा मला इथे कळला. कीबोर्ड उघडला की तो खालची मोठी जागा खातो. बुटक्या फोनवर वरती दोन-तीन ओळीच दिसायच्या, आपण आधी काय लिहिलं तेच दिसत नसे. आता पूर्ण परिच्छेद दिसतो. त्यामुळे निळी_छत्री, छोटा घ्यायच्या आधी त्यावर देवनागरीत चार वाक्यं लिहून बघ, दुकानात उभी राहूनच लिही.

निळी_छत्री

रेवा, हे माझ्या डोक्यात नव्हतंच. मी मराठीच टाईप करते बहुतेक. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, एकहाती मोड आहे ना, कीबोर्ड एका बाजूला सरकवणारा, त्यात तर कळा अजूनच बारीक होतात.

शिवार

मी बार्शी तालुक्यातला, शेती. आमच्याकडं फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो, आणि मोटर चालू करायला वाकलं की आताचा लांबडा फोन खिशातून सरकून बाहेर येतो. आमच्या भावकीत विहिरीत आणि पाटात गेलेले फोन काही कमी नाहीत. कीपॅडचा होता तेव्हा खिशात तळाला बसायचा, कधी पडला नाही. म्हणून दोन फोन ठेवतात लोक, शेतात कीपॅडचा आणि घरी मोठा. पण आता तेही चालत नाही, कारण २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, स्वतः रानात उभं राहून अ‍ॅपमध्ये पिकाचा फोटो काढून नोंद करायची असते, ती केली नाही तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, म्हणून स्मार्टफोन रानात न्यावाच लागतो.

आणि रानात स्क्रीन मोठी असून काय उपयोग, दुपारच्या उन्हात काहीच दिसत नाही. स्वस्तातल्या फोनला उजेड कमी असतो. टोपीची सावली करून, पोराला पुढं उभं करून बघावं लागतं. माझं म्हणणं असं की अर्धा इंच स्क्रीन कमी द्या आणि तेवढा उजेड वाढवून द्या. पडला तर फुटू नये एवढा मजबूत द्या. शेतकऱ्याला काय हवं हे विचारायला कुठल्या कंपनीचा माणूस आमच्या बांधावर आलेला मी तरी बघितला नाही.

फिजिओ_नाशिक

शिवार दादांची पोस्ट फार महत्त्वाची आहे, सावकाश वाचा सगळ्यांनी.

माझ्या क्षेत्रातलं थोडं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखतं म्हणून येणारे बरेच असतात, त्यात अंगठा ताणून सतत वर नेण्याची सवय असणारे पुष्कळ. तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांभोवतीचं (टेंडनभोवतीचं) आवरण सुजतं, त्याला डी क्वेर्वेन म्हणतात. बाळंतपणानंतर बाळाला उचलून घेणाऱ्या आयांना हा त्रास आधीपासून ठाऊक आहे, त्यात आता फोनची भर. दुसरं म्हणजे जड फोन करंगळीवर टेकवून धरतात, ते नका करू. दोनशे ग्रॅमच्या वरचा फोन रोज तास-दोन तास एका हाताने धरणं हे हाताला काम आहे, आणि ज्यांचा तळहात लहान त्यांना जास्त. स्त्रियांचे हात सरासरीने लहान असतात हे काही गुपित नाही, फोनचं माप ठरवताना त्याचा विचार व्हायला हवा असं मलाही मनापासून वाटतं.

घरी करून बघायचं असेल तर: अंगठा मुठीत घ्या, वर बोटं मिटा, आणि मूठ करंगळीच्या दिशेने खाली वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी सणक आली तर फोन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

पणजीवाली

फ्लिप फोनबद्दल कुणी बोललं नाही. मी गॅलेक्सी झेड फ्लिप वापरते, घडी घातली की पर्समध्ये कंपास-डबीएवढी जागा. पण निळी_छत्रीला सांगते, उघडला की तो ६.७ इंचीच आहे, वर पोचायचा त्रास तोच. पर्सचा प्रश्न सुटतो, लोकलचा नाही. आणि समुद्राकाठी वाळू जपावी लागते बिजागरीत. किंमत तर तुझ्या बजेटच्या कितीतरी पट.

मोबाईलवाला_सांगली

ताई, तुमच्या बजेटचं बोलतो आता. नवा घ्यायचा तर वीस हजारात छोटा नाही, हे मी लिहून देतो. वापरलेला चालत असेल तर गॅलेक्सी एस२३ बघा, ६.१ इंच, रुंदी ७१ मिमी, वजन १६८ ग्रॅम, आणि सॅमसंगने त्याला पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट सांगितलेत, म्हणजे २०२८ पर्यंत चालेल. बॅटरी ३९०० आहे, सिलिकॉनवाली नाही, त्यामुळे दिवस जेमतेम. बजेटच्या थोडा वर जाईल पण पन्नासात जाण्यापेक्षा बरा.

स्पष्टवक्ता

मी इथे मार्केट मार्केट करत होतो, पण शिवार आणि मास्तर दोघांचं वाचून एक वाटलं. दोघांनाही जो मिळालाय तो एकच माप. एकाचं भलं झालं आणि दुसऱ्याचा विहिरीत गेला. बुटाला सहा ते अकरा नंबर ठेवणारा दुकानदार वेडा नसतो. वीस हजाराच्या वर्गात एखाद्या कंपनीने एक तरी ६.१-६.२ ठेवायला हरकत नव्हती. सिलिकॉन बॅटरी खालच्या किमतीत उतरायला लागलीच आहे, ६.७-६.८ वाल्यांना ७००० एमएएच देतायत, त्याऐवजी तेच तंत्र वापरून ५००० एमएएच आणि लहान बॉडी द्या ना.

निळी_छत्री

स्पष्टवक्ते, हेच, अगदी हेच मी कंपन्यांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिणार आहे, आणि इथल्या प्रत्येकाला विनंती आहे की आपापल्या भाषेत, आपापल्या गरजेप्रमाणे लिहा. शिवार दादा, उन्हातल्या उजेडाचं तुम्ही नक्की लिहा. फॉर्म इंग्रजीत असला तरी मराठीत लिहायला काही अडत नाही. कुणी मागतच नाही असं त्यांना म्हणता येऊ नये.

सांगलीकर दादा, एस२३ चा विचार करते. वापरलेला घेताना काय बघू? मी ठाण्यात किंवा डोंबिवलीतच घेईन.

मोबाईलवाला_सांगली

आधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा, बॉक्सवरचा आणि बिलावरचा जुळला पाहिजे. मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो नंबर टाका, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळतं. पूर्ण पांढरं चित्र उघडून स्क्रीन बघा, कीबोर्डच्या जागी किंवा वरच्या पट्टीच्या जागी सावली दिसली तर डिस्प्ले जळलेला आहे, घेऊ नका. डिस्प्ले बदललेला असेल तर बोटाच्या ठशाचा सेन्सर बऱ्याचदा नीट चालत नाही, तुमचा स्वतःचा ठसा नव्याने टाकून पाच-सहा वेळा उघडून बघा. पाठीमागची काच कडेने जराही उचललेली असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. ब्राइटनेस फुल करून पंधरा मिनिटं व्हिडिओ चालवा आणि टक्के किती उतरतात बघा. आणि रेवाताईंनी सांगितलेलं विसरू नका, तिथेच मराठी कीबोर्ड टाकून चार ओळी लिहा, कव्हर लावून.